एकच खिळा

"गाठ मारा," खासनीस सर म्हणाले आणि दोराचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

सावरखिंड धरणाच्या काठावर पत्र्याची एक लांबुडकी शेड होती. आत प्लायवूडच्या अकरा होड्या उपड्या घातलेल्या, वर शिडांच्या गुंडाळ्या टांगलेल्या आणि सगळीकडे व्हार्निशचा वास. शिडाच्या होड्यांचा क्लब म्हणायचा तो हाच. रविवारची सकाळ होती. आम्ही सहा नवशिके ओळीनं उभे होतो. शिडाचा दोर कप्पीतून निसटू नये म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारतात, तेवढीच परीक्षा. बाकीच्या पाचांनी आपापल्या परीनं गुंता करून ठेवला. मी आठाच्या आकड्यासारखी गाठ मारली आणि सवयीनं वरून एक पीळ जास्त दिला.

सर माझ्या हातांकडे बघत राहिले. साठीला टेकलेला, उंच, वाळक्या अंगाचा माणूस. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला. डोक्यावर पांढरी कापडी टोपी.

"कुणी शिकवली?"

"वडिलांनी. विहिरीवर पोहरा बांधायचे ना, तशी."

धडधडीत खोटं. आमच्या मिरजेच्या घरात विहीरच नव्हती. ही गाठ मला दादानं शिकवली होती, मी सातवीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्याच बुटाच्या नाडीवर. तो जादाचा पीळ त्याचा स्वतःचा.

"चांगली आहे," सर म्हणाले. "सुटायची नाही."

ते पुढच्या माणसाकडे वळले आणि मी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीत एक जाड खिळा ठोकलेला होता. खिळ्याला होडीचं एक लाकडी सुकाणू टांगलेलं. त्याच्या कोपऱ्यात निळ्या रंगानं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दि. वेदपाठक'. अक्षर दादाचंच. ते बघायला तर मी आले होते.

त्या क्लबाची एक रीत होती. पाण्यावर पंच नसे. दोन होड्यांची टक्कर झाली, तंटा झाला, की त्याच दिवशी पाच वाजता शेडमध्ये बैठक बसायची. दोघांनी आपापल्या होडीचं सुकाणू काढून टेबलावर ठेवायचं आणि त्यावर हात ठेवून बोलायचं. ज्याची चूक ठरेल, त्याचं सुकाणू खिळ्याला. सुकाणूशिवाय होडी म्हणजे नुसतं तरंगतं पिंप. चार लोकांत चूक कबूल करून सगळ्यांना चहा पाजला, की ते परत मिळे. खिळा मात्र एकच. नवं चढलं, की जुनं उतरवून ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं. पण दादाचं चढलं त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दुसरं चढलंच नव्हतं. एकाच्या बोटांवरून बाकीचे शहाणे झाले होते.

हो, बोटांवरून. माझा दादा, दिगंबर वेदपाठक, घड्याळजी होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सावरखिंडीच्या बाजारपेठेत त्याची टपरीएवढी जागा होती, आणि दर रविवारी तो या धरणात शिडाची होडी हाकायचा. खासनीस त्याचा गुरू आणि जिवाभावाचा दोस्तही. मी बारावीत असताना वार्षिक शर्यतीत या दोघांची टक्कर झाली. होडीच्या काठावर दादाचा उजवा हात होता. त्याची दोन बोटं गेली. तर्जनी आणि तिच्या शेजारचं. घड्याळजीची हीच दोन बोटं चिमटा धरतात.

तो सुकाणू टेबलावर टाकून निघाला तो थेट मिरजेला. तेव्हापासून एका औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं काउंटरवर सरकवत होता. अर्धवट उघडलेली घड्याळं त्यानं बिस्किटांच्या डब्यात भरून माळ्यावर टाकली होती. मी त्याला विचारलं होतं, कसं झालं रे? तेव्हा तो म्हणाला होता, "हक्क माझा होता, विशू. मी तीनदा ओरडलो. तीनदा! तो वळला नाही. आणि बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, हा ओरडलाच नाही."

एवढंच. नऊ वर्षं मी हे वाक्य जपून ठेवलं. लग्न झालं, वेदपाठकांची पोतदार झाले, गुरांच्या डॉक्टरशी संसार मांडला. मग एके दिवशी नवऱ्याला म्हटलं, सावरखिंडीला बदली मागा. तो म्हणाला, तिथं गुरांपेक्षा डास जास्त आहेत. मी म्हटलं, मागा तरी. मला तिथल्या कन्याशाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. दादाचं सुकाणू त्या खिळ्यावरून उतरवायचं आणि तिथं खासनिसांचं चढवायचं, एवढ्यासाठी मी सगळं घरदार हलवलं होतं.

माणूस शिकवायला वाईट असता तर बरं झालं असतं. पण खासनिसांसारखा शिक्षक मी तरी दुसरा पाहिला नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी आम्हाला फक्त बुडायला शिकवलं. होडी मुद्दाम उलटी करायची, पाण्यात पडायचं, पोहत मागच्या अंगाला जायचं, होडीच्या पोटातून खाली गेलेल्या पात्यावर उभं राहून सगळा भार टाकायचा, की ती शेळीसारखी अंग झाडत सरळ होते. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, की काठावरून ओरडायचे, "बाई, शाळेत पोरींना सांगता ना, चुकलं तर पुन्हा करा? करा मग पुन्हा!" आणि मी पुन्हा करायचे, त्यांच्या नावानं बोटं मोडत.

रविवारी दुपारी दोनला वारा सुटायचा. समोरच्या डोंगराच्या खिंडीतून तो यायचा आणि पाचच्या ठोक्याला पडायचा. तोवर शेडमध्ये जत्रा असे. क्लबाचे अध्यक्ष गुलाबभाई तांबोळी, त्यांचं सायकलचं दुकान, पण सगळे त्यांना चाचाच म्हणत. ते स्टोव्हवर चहाचं पातेलं चढवायचे. कुणी घरून थालीपीठं आणायचं. एखाद्याच्या होडीला भोक पडलं, तर सगळे आपापलं काम टाकून कानस-पॉलिशचा कागद घेऊन त्याच्यामागे लागायचे. माझी होडी मी अशाच लोकांच्या हातांनी बांधली. फळ्या सरांनी कापून दिल्या. पुढच्या टोकाला लोखंडी पट्टी मारायची का, असं त्यांनी विचारलं. "मारा," मी म्हणाले, "दणकट."

अपघाताचा विषय तिथं कुणी काढत नसे. चाचांना एकदा मी भोळा चेहरा करून विचारलं, "हे वेदपाठक कोण हो?"

चाचा पातेल्यात चमचा ढवळत राहिले. "चांगला पोरगा होता," म्हणाले. "सरांनी त्याच्यानंतर दोन वर्षं होडी पाण्यात घातली नाही."

घालेल कशी? मन खात असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि मला गोड वाटलं.

नियमांचा तास सर काठावर, वाळूत काडीनं रेघा मारून घ्यायचे. "वारा ज्याच्या उजव्या अंगानं येतो, त्याचा हक्क. डाव्या अंगानं घेणाऱ्यानं वळायचं. पण हक्क मुका ठेवायचा नाही. हा आपल्या तळ्याचा जादा नियम. तीन होड्यांचं अंतर राहिलं, की हक्कवाल्यानं ओरडायचं, 'उजवा!' एकदाच, पण बेंबीच्या देठापासून. जो ओरडला नाही, त्याचा हक्क संपला. टक्कर झाली तर चूक त्याची."

"आणि समोरच्यानं ऐकलं नाही तर?" मी विचारलं.

"तर आपणच वळायचं, बाई. दुसरी हाक मारायला वेळ नसतो. हक्क गेला तरी चालेल, हाडं जाता कामा नयेत."

हाडं म्हणे! माझ्या तोंडात शिवी आली. दादाच्या वेळी ही अक्कल कुठं गहाण टाकली होती?

दुसरी गोष्ट ते कानीकपाळी ओरडून सांगायचे ती म्हणजे वाकण्याची. डाव्या वाऱ्यावर चालताना शीड उजवीकडे फुगलेलं असतं आणि त्याच्यामागचं काहीच दिसत नाही. नेमका तिकडूनच हक्कवाला येत असतो. म्हणून दर दहा अंकांना वाकून शिडाखालून बघायचं. आम्ही मोठ्यानं अंक म्हणत होडी हाकायचो. दहा झाले, वाक. वीस झाले, वाक. मला झोपेतसुद्धा वाकायची सवय लागली, असं नवरा म्हणायचा.

आणि याच माणसात मला खोट सापडली. दर रविवारी लागणाऱ्या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, जिंकायची वेळ आली, की खासनीस स्वतः वाकत नसत. नजर डोलकाठीच्या टोकावरच्या कापडी पट्टीवर चिकटलेली. वारा किती वळला, किती नाही, एवढंच. आठ रविवार मी मोजलं. आठही रविवार नाही वाकले. त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, रवा संपवायचा होता.

बेत अगदी सोपा होता. शेवटच्या टप्प्यात ते डाव्या वाऱ्यावर असताना मी उजव्या वाऱ्यावर त्यांच्या शिडामागून यायचं. ओरडायचं नाही. धडक द्यायची. मग बैठकीत सुकाणूवर हात ठेवून सांगायचं, मी ओरडले, यांनी ऐकलं नाही. दादाचं खरं त्यांनी खोटं ठरवलं होतं. मी माझं खोटं खरं ठरवणार होते. माझ्या शब्दाला तिथं वजन आलं होतं. दोन वर्षांत मी नव्यांना गाठी शिकवायला लागले होते, आणि मास्तरीण बाई खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

चैत्रातला शेवटचा रविवार. वार्षिक शर्यत. पाण्यात होड्या ढकलताना सर माझ्याजवळ आले.

"आज वारा तिरका आहे, बाई. शेवटच्या टप्प्याला उजव्या काठानं या. फायदा होईल."

"तुम्हीच मला रस्ता दाखवताय?"

"मी दाखवणार नाही तर कोण?" ते हसले. माझ्या दोराची गाठ त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली आणि गेले.

नऊ होड्या सुटल्या. नारिंगी पिंपांना दोन फेऱ्या मारायच्या होत्या. पहिली फेरी संपेपर्यंत आम्ही दोघंच पुढे होतो, बाकीचे मागे पडले. शेवटचं पिंप वळलो तेव्हा वारा असा सुटला, की दोर तळहात कापत होता. सर डाव्या वाऱ्यावर, मी उजव्या काठानं, त्यांनीच सांगितलेल्या वाटेनं. त्यांचं पांढरं शीड आडवं मोठं होत आलं. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते. पाच होड्यांचं अंतर. चार. शिडाखाली काहीतरी पांढरं हललंसं वाटलं. टोपी असेल, लाटेचा फेस असेल. तीन.

हाक घशापर्यंत आली होती. दोन वर्षांची सवय, ती येणारच. मी दात आवळले. दात आवळून मी दादाच्या हाताचा विचार केला, माळ्यावरच्या डब्याचा विचार केला, आणि सुकाणू जराही हलवलं नाही.

लोखंडी पट्टी त्यांच्या होडीच्या कुशीत शिरली. प्लायवूड कडाडलं. त्यांच्या शिडाखालची आडवी काठी गर्रकन फिरली आणि त्यांच्या खांद्यावर बसली. आवाज वेगळाच आला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. ते पाण्यात पडले. जॅकेटमुळे तरंगत वर आले, एक हात लुळा.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. आत काहीतरी अकरा वर्षांनी पोटभर जेवलं. आज इतक्या वर्षांनी लाजायला हवं, पण तो आवाज आठवला की आधी ती चवच आठवते, लाज मागून येते.

पाच वाजता बैठक बसली. डॉक्टरांनी हासळीचं हाड मोडल्याचं सांगून सरांचा हात गळ्यात बांधून दिला होता. घरी जा म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. टेबलावर दोन सुकाणू ठेवलेली. एक त्यांचं, एक माझं. भिंतीवर तिसरं. सगळा क्लब होड्यांच्या पाठींवर बसलेला. चाचांनी वही उघडली. रीतीप्रमाणे ज्याला धडक बसली तो आधी बोलतो.

माझी तयारी जय्यत होती. ते म्हणणार, ही ओरडली नाही. मी म्हणणार, ओरडले. शब्दाला शब्द. मग मी भिंतीकडे बोट दाखवून विचारणार होते, या माणसाला याआधीही कधी ऐकू आलं नव्हतं ना? वाक्य पाठ होतं.

खासनिसांनी डावा हात आपल्या सुकाणूवर ठेवला.

"बाई उजव्या वाऱ्यावर होत्या. हक्क त्यांचा," ते म्हणाले. "त्या ओरडल्या. मी ऐकलं. वळलो नाही. चूक माझी."

 चाचांनी पेन थांबवलं.

"ओरडल्या?"

"हो. तीनदा."

"तीनदा?" चाचांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तीनदा."

मागे कुणीतरी खाकरलं. चाचांची नजर सरांवरून भिंतीवरच्या सुकाणूवर गेली, तिथून माझ्यावर आली. "बाई, तुमचं काय म्हणणं? बरोबर आहे हे?"

मी माझ्या सुकाणूवर हात ठेवला. लाकूड अजून ओलं होतं.

"हो," मी म्हणाले.

चाचांनी काहीच न लिहिता वही मिटली. उठून स्वतःच खिळ्यावरचं सुकाणू उतरवलं, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली, आणि खासनिसांचं तिथं टांगलं. लोक एकेक करून बाहेर पडले. मला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी दोषही दिला नाही. थालीपीठांचा डबा न उघडता तसाच राहिला.

मी बाहेर येऊन काठावर उभी राहिले. वारा पडला होता. सर मागून आले. धडधाकट हातात दादाचं सुकाणू.

"हे दिगूला दे," ते म्हणाले.

दोन वर्षं हा माणूस मला अहो-जाहो करत होता.

"तुम्हाला..."

"पहिल्या रविवारी. तो जादाचा पीळ दुनियेत एकच माणूस देतो. तुझ्याबद्दल बोलायचा तो. विशू, विशू."

"मग शिकवलंत कशाला?"

"शिकायला आली होतीस. इथं येईल त्याला शिकवायचं, दुसरं काय करतो आपण?" त्यांनी गळ्यातली झोळी नीट केली. दुखत असावं. "त्याच्या वेळी मी वाकून बघितलं नव्हतं. ती माझी चूक. आज मात्र बघितलं होतं."

"बघितलं होतं? मग वळला का नाहीत?"

"ओरडशील, असं वाटलं. दोन वर्षं शिकवलं होतं ना. त्या वेळी बैठकीत खरं बोललो, तर माझा मित्र गेला. म्हटलं, या खेपेला दुसरं बोलून बघू."

मला ते सहन झालं नाही. मला वाटलं, हा म्हातारा अजून दादालाच खोटा ठरवतोय, हाड मोडून घेऊनसुद्धा. मी सुकाणू त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि मागं न बघता निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी मिरजेची एसटी पकडली. सुकाणू मांडीवर आडवं. कंडक्टर म्हणाला, बाई, याचं अर्धं तिकीट काढू का? मी हसले. मला वाटेत कितीदा तरी हसू येत होतं. जिंकलेल्या माणसाला येतं तसं.

दादा दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आला होता. मी सुकाणू त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं उरलेल्या बोटांनी ती निळी अक्षरं चाचपली.

"कुठून आणलंस?"

मी सगळं सांगितलं. बदली, गाठ, दोन वर्षं, शेवटचा टप्पा. सांगताना माझा आवाज चढत गेला. "धडक दिली मी त्याला, दादा. हाड मोडलं. आता त्याचं सुकाणू आहे खिळ्यावर."

"पण तो वळला कसा नाही? ओरडली होतीस ना?"

"एकदाही नाही," मी अभिमानानं म्हणाले. "मुद्दाम. आणि गंमत ऐक. बैठकीत तोच म्हणाला, बाई ओरडल्या. तीनदा ओरडल्या."

दादानं ताट बाजूला सरकवलं.

"तीनदा म्हणाला?"

"हो."

 माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तीनदा ओरडायला वेळच नसतो गं, विशू. तुला शिकवलं असेल की त्यानं."

शिकवलं होतं. एकदाच, बेंबीच्या देठापासून. दुसरी हाक मारायला वेळ नसतो. वाळूत काडीनं रेघा मारून शिकवलं होतं, आणि मी त्या वेळी मनात शिव्या देत होते.

"म्हणजे?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"मीही नव्हतो ओरडलो."

"का?"

"आधी वाटलं, वळेल. मग वाटलं, नाही वळला तर बरंच, बाद होईल. दर वर्षी तोच जिंकायचा. शिकवायचा तो आणि जिंकायचाही तोच. मग वेळच उरला नाही." त्यानं तळहात उलटा करून पाहिला. "बैठकीत मी म्हणालो, तीनदा ओरडलो. तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं, की हा खोटं बोलतोय. तीन म्हटलं तिथंच सापडलो मी."

"आणि मला का तेच सांगितलंस?"

"तू बारावीत होतीस. रडत होतीस, दादा कसं झालं म्हणून. तुला काय सांगणार होतो? आणि एकदा तुला सांगितलं, मग मलाही ते खरंच वाटायला लागलं."

अकरा वर्षं! माझ्या अकरा वर्षांचा राग, माझ्या नवऱ्याची बदली, एका म्हाताऱ्याचं हाड, आणि याला ते खरं वाटायला लागलं होतं. मला त्याचं ताट उचलून अंगणात भिरकावून द्यावंसं वाटलं. त्याच्या बोटांकडे बघितलं आणि तेही करता येईना. सूड घ्यायला माणूस हवा होता. समोर होता तो माझा भाऊ, आणि त्याचं जे व्हायचं ते आधीच झालं होतं.

"हातोडी कुठं आहे?" मी विचारलं.

"कशाला?"

"कुठं आहे?"

त्यानं कपाटाकडे बोट केलं. मी हातोडी काढली, एक चार इंची खिळा काढला, आणि तो रोज जेवायला बसायचा त्या जागेच्या बरोबर समोर भिंतीत ठोकला. पाच घाव घातले. पोपडे पडले. त्याला सुकाणू टांगलं, अक्षरं दिसतील अशा बेतानं. ते पुढे दादानं कधी काढलं नाही. तो गेला तेव्हा सामान आवरताना मीच काढलं.

पुढच्या रविवारी मी सावरखिंडीला शेडमध्ये सगळ्यांच्या आधी गेले. माझ्या होडीचं सुकाणू काढलं. खिळ्यावरचं खासनिसांचं उतरवून त्यांच्या फुटक्या होडीला बसवलं, पिन घातली, हलवून बघितलं. माझं खिळ्याला टांगलं. चाचा आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि न विचारता पातेल्यात दुधाची जास्तीची पिशवी रिकामी केली. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ती दोनच वाक्यं. मी ओरडले नव्हते. चहा माझ्याकडून.

सर उशिरा आले. झोळीतला हात सांभाळत ते आपल्या होडीजवळ गेले आणि थबकले. सुकाणूवरून बोट फिरवलं. मग भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं का उतरवलंस?" त्यांनी विचारलं.

"खिळा एकच आहे, सर," मी म्हणाले.